जुनी आज्ञावली आणि योग्य संकलक

नंदुरबारच्या एखाद्या घरांत जुनें पोस्टकार्ड सांपडलें, तर त्यावर ‘जिल्हा धुळें’ असें लिहिलेलें आढळेल. हा पत्ता चुकीचा नव्हे. ता. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा झाला; तत्पूर्वीं तोच पत्ता बरोबर होता. संगणकाच्या जुन्या आज्ञावलीचेंही असेंच आहे. ती वाचण्यापूर्वीं तिचा काळ ओळखला पाहिजे.

मनुष्यानें लिहिलेल्या आज्ञावलीचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा तो संकलक, म्हणजेच कंपायलर. बोर्लंड कंपनीचा ‘टर्बो सी प्लस प्लस’ हा संकलक १९९० सालीं निघाला. जळगांवचें विद्यापीठही त्याच वर्षीं स्थापन झालें. आपल्याकडील कित्येक विद्यार्थी त्याच संकलकावर ही भाषा शिकले. पुढें १९९८ सालीं तिचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, आणि ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ यांतील ‘डॉट एच’ गळालें. ‘जी. सी. सी.’ या मुक्त संकलकानेंही २००८ सालच्या ४.३ आवृत्तीपासून तें जुनें नांव सोडून दिलें. म्हणून वडील बंधूंच्या वहींतील आज्ञावली आज चुकांची यादी दाखविते.

चूक दिसली तर ती सुधारतां येते. न दिसणारी चूक अधिक घातक. टर्बोमध्यें पूर्णांकास दोन बाइट जागा मिळते व ३२,७६७ हून मोठी संख्या तींत मावत नाहीं. तेथें २०० गुणिले २०० यांचें उत्तर उणे २५,५३६ असें येतें! आजच्या जी. सी. सी. मध्यें सामान्यतः चार बाइट असल्यानें ४०,००० हें खरें उत्तर मिळतें. परंतु टर्बोनें दोन-दोन बाइटांत सांठविलेले गुण नव्या आज्ञावलीनें चार-चार बाइटांनीं वाचले, तर दोन विद्यार्थ्यांचे गुण एकाच आंकड्यांत मिसळतील, आणि संगणक तक्रारही करणार नाहीं.

मग कोणती आवृत्ती निवडावी? टर्बोवर लिहिलेल्या आज्ञावलीस जी. सी. सी. ची जुनी आवृत्ती पुरत नाहीं. कारण पडदा पुसण्याची ‘कोनिओ’मधील आज्ञा टर्बोची स्वतःची आहे. आमच्या मतें प्रथम मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. बोर्लंडनें पुढें विनामूल्य दिलेली टर्बोची १.०१ आवृत्ती घ्यावी, व ‘डॉसबॉक्स’ या मुक्त आज्ञावलींत ती चालवून मूळ उत्तरें लिहून काढावीं. तिसरी आवृत्ती सर्वत्र फिरत असली, तरी हातोहात मिळालेली प्रत म्हणजे परवानगी नव्हे. नंतर जी. सी. सी. ची नवी आवृत्ती घेऊन एका वेळीं एकच बदल करावा आणि प्रत्येक वेळीं उत्तरें ताडून पाहावीं. फरक पडल्यास त्याचें कारण शोधावें; जुनें उत्तरही चुकीचें असूं शकतें.

थोडक्यांत, जुना संकलक हा साक्षीदार, तर नवा हा वारस होय. साक्षीदाराची जबानी घेतल्यावांचून वारसाच्या हातीं कारभार देऊं नये, एवढेंच आम्ही आमच्या बालमित्रांस सांगूं इच्छितों.