राऊटरची किल्ली कोणाकडे आहे?



आता बऱ्याच ग्रामसंघांच्या कार्यालयात आणि काही मैत्रिणींच्या घरीही वाय-फाय आलं आहे. भिंतीवर किंवा टीव्हीशेजारी एक छोटी पेटी असते, तिच्यावर दिवे लुकलुकत असतात. तिला राऊटर म्हणतात. लाइनमन जोडून गेला की पुन्हा तिच्याकडे कोणी बघत नाही. मोबाइलचा पिन आपण जपतो, पण या पेटीचं काय? आपल्याला न कळता तिच्यात कोणी शिरू शकतं का?

हो, शिरू शकतं. आणि बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. दिवे तसेच लुकलुकतात, नेटही चालू राहतं.

शिरून करतात काय?

आपण बँकेच्या वेबसाइटचं नाव टाकलं, की तिचा पत्ता आपला फोन राऊटरने नेमून दिलेल्या ठिकाणी विचारतो. परगावचा माणूस पारावर बसलेल्याला घर विचारतो ना, तसंच. आता पारावरचाच माणूस फितूर असेल तर? तो भलत्याच घरी पाठवेल. तिथे बँकेसारखं दिसणारं खोटं पान असतं. आपण त्यात पासवर्ड आणि ओटीपी भरला, की तो थेट चोराच्या हातात.

ब्राझील देशात २०११-१२ च्या सुमारास असंच झालं. मोडेममधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन चोरांनी सुमारे ४५ लाख मोडेममध्ये पत्ता विचारायचं ठिकाणच बदलून टाकलं. लोक नेहमीच्या वेबसाइटवर जायचे आणि खोट्या पानावर पोचायचे.

आपल्या देशातही धक्का बसलेला आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका घातक प्रोग्रॅममुळे बंद पडले. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, त्यांना फटका बसला.

किल्ल्या दोन असतात

इथेच आपली गफलत होते. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरचा पासवर्ड वेगळा. पहिल्याने नेट वापरता येतं. दुसऱ्याने राऊटरच्या आतल्या सगळ्या सेटिंग बदलता येतात. पहिला म्हणजे कार्यालयाच्या दाराची किल्ली, दुसरा म्हणजे आतल्या कपाटाची. आपण दाराची किल्ली जपतो आणि कपाट उघडंच ठेवतो.

कार्यालयात एकदा करून बघा

१. राऊटर उलटा करून मागचा कागद वाचा. त्यावर १९२.१६८.१.१ सारखे आकडे, युजरनेम आणि पासवर्ड असतो.

२. फोन त्याच वाय-फायला जोडा. ब्राउझरमध्ये ते आकडे टाका. लॉगिनचं पान उघडेल.

३. ‘अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन’ टाकून ते उघडलं, तर तो पासवर्ड लगेच बदला. गटाचं नाव किंवा मोबाइल नंबर ठेवू नका. नवा पासवर्ड कागदावर लिहून सचिवताईंच्या कपाटात ठेवा, भिंतीवर चिकटवू नका.

४. वाय-फायचा पासवर्डही बदला. गावभर वाटला गेलेला पासवर्ड हा पासवर्ड राहत नाही.

५. ‘फर्मवेअर अपडेट’ असं दिसलं तर ते करून घ्या. पासवर्ड चांगला असला तरी जुन्या त्रुटीतून चोर शिरतो, हे ब्राझीलमध्ये दिसलं. अपडेट चालू असताना वीज बंद करू नका.

६. ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू असेल तर नेट देणाऱ्या कंपनीला विचारून बंद करा. त्यामुळे बाहेरून राऊटरच्या आत यायची एक वाट बंद होते.

जमलं नाही तर लाइनमनला बोलवा, पण पासवर्ड टाकताना स्वतः टाका.

शंका आली तर

नेट हळू चाललं म्हणजे हॅकिंग झालं असं नाही. घाबरून जाऊ नका. पण बँकेचं पान उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना आली, तर ती बाजूला सारून पुढे जायचं नाही. वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तेच पान उघडून बघा. तिथे सूचना आली नाही, तर राऊटर तपासायला हवा.

नुसता बंद-चालू करून भागेल का? २०१८ मध्ये ५४ देशांतल्या किमान पाच लाख राऊटर आणि तशा उपकरणांत एक घातक प्रोग्रॅम सापडला. राऊटर बंद-चालू केला की त्याचा काही भाग जायचा, पण मूळ आत राहायचं. ते काढायला राऊटर रीसेट करावा लागायचा. रीसेटचं बारीक भोक मागेच असतं. मात्र त्याने कंपनीच्या सेटिंगही पुसल्या जातात, म्हणून आधी लाइनमनशी बोला. रीसेटनंतर जुना कारखान्याचा पासवर्ड परत येतो, तो पुन्हा बदलायला विसरू नका.

पैसे गेलेच, तर वेळ घालवू नका. १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकी घाई, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

बैठकीत विचारा

- आपल्या राऊटरचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला? कोणी?
- वाय-फायचा पासवर्ड आज किती जणांना माहीत आहे?
- हप्ता भरताना अशी सूचना आली तर कोणाला सांगायचं, हे ठरलं आहे का?

उत्तरं इतिवृत्तात लिहा, पासवर्ड मात्र लिहू नका. इतिवृत्त सगळ्यांच्या हातात जातं.