पित्ताशयांतील खडे व त्यांची कळ

आपल्या वर्धा जिल्ह्यांत पोटाच्या बहुतेक दुखण्यांस एकच नांव मिळतें: पित्त. जळजळ झाली तरी पित्त, ओकारी झाली तरी पित्त. वस्तुतः जळजळ करणारें आंबट पाणी जठरांतलें असतें. खरें पित्त यकृतांत तयार होतें व यकृताखालच्या लहानशा पिशवींत, म्हणजे पित्ताशयांत, सांठतें. तेलातुपाचें अन्न आंतड्यांत उतरलें म्हणजे ती पिशवी आकुंचन पावून पित्त बाहेर टाकते. पित्तांतील घटकांचें प्रमाण बिघडलें कीं तेथें खडे बनतात. पुष्कळांस ते असूनहि जन्मभर कळ येत नाहीं, व अशांस बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते.

खडा पिशवीच्या तोंडाशीं अडकला म्हणजे कळ येते. तर्रीच्या जेवणानंतर, पुष्कळदां रात्रीं, उजव्या बरगडीखालीं किंवा पोटाच्या वरच्या भागीं दुखूं लागतें. दुखणें पाठीकडे व उजव्या खांद्याकडे जातें. कोणत्याहि कुशीवर चैन पडत नाहीं. कांहीं वेळानें खडा मागें सरकतो व कळ थांबते. ह्या थांबण्यांतच मोठी फसगत आहे. कारण शेवटीं जो काढा दिला असेल त्यास यश मिळतें, आणि खडा मात्र आंतच राहतो. कुळथाचा काढा व पानफुटीचा रस लोक मुतखड्यासाठीं घेतात. परंतु मूत्राची वाट निराळी, पित्ताची निराळी. तेल व लिंबू प्यायल्यावर शौचावाटे ज्या हिरव्या गोळ्या पडतात, त्या बहुधा त्या तेलाच्याच बनलेल्या असतात!

कळ आली असतां खाणें थांबवावें, डॉक्टरांकडून वेदनाशामक औषध घ्यावें व पुढें सोनोग्राफी करवावी. घाम सुटून छातींत दाटत असेल तर तो हृदयविकारहि असूं शकतो. तेव्हां थांबूं नये. तेलकट कमी करावें, पण कडक उपास नकोत. वजन झपाट्यानें उतरल्यानेंहि खडे होतात. हा विकार स्त्रियांत अधिक, आणि त्याच कापसाची वेंचणी संपेपर्यंत दुखणें अंगावर काढतात.

कळ पांचसहा तास न थांबणें, हुडहुडी भरून ताप येणें, डोळे पिवळे होणें, ह्यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. खड्यानें पित्ताची नळी बंद होऊन झालेली कावीळ झाडपाल्यानें उतरत नाहीं. औषध देणाऱ्याच्या दारीं घालविलेले दिवस जिवावर बेततात.

वारंवार कळ येणाऱ्यास पित्ताशय काढणें हाच खात्रीचा उपाय होय. तें १८८२ सालीं बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख यांनीं प्रथम काढलें. दुर्बिणीनें तें काढण्याचा आरंभ आपल्या देशांत १९९० सालीं मुंबईस डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनीं केला. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथें शल्यचिकित्सक आहेत. "पिशवी गेल्यावर अन्न पचेल कसें?" असें पुष्कळजण विचारतात. पित्त यकृत तयार करतें; पिशवी केवळ कोठी आहे. कित्येकांस कांहीं दिवस शौचास पातळ होते. पुढें भाकरभाजी पूर्ववत् चालते.