मंदगती फटका आणि क्लबांची निवड

प्रश्न : वय 68. फटक्याची गती मंदावली असून चेंडू पूर्वीइतका दूर जात नाही. गोल्फचे नवे क्लब घ्यावेत काय?

उत्तर : अवश्य घ्यावेत, परंतु दुकानदाराच्या शिफारशीवर विसंबून संपूर्ण संच एकदम बदलू नये. ज्या वयात मनगटाची लवचिकता व कमरेचे वळण ही दोन्ही परवानगीवाचून रजेवर जातात, त्या वयात आयर्नच्या पोलादी शाफ्टचा सुमारे 120 ग्रॅमचा बोजा वाहण्यापेक्षा, साठ-सत्तर ग्रॅमचा, अधिक लवणारा, ‘सीनियर’ प्रतीचा ग्राफाइट शाफ्ट पत्करणे श्रेयस्कर. ड्रायव्हरचा लॉफ्ट 12 अंशांच्या आसपास किंवा अधिक असावा. कारण मंद गतीचा चेंडू अल्प कोनातून निघाला, तर पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच भूमीवर उतरतो, आणि हे मान्य करण्यास पुरुषांचा अभिमान फार आडवा येतो. तीन व चार क्रमांकाची आयर्न बिनदिक्कत बरखास्त करून त्यांच्या जागी हायब्रिड किंवा सात क्रमांकाचा वूड नेमावा. नियमाने 14 क्लबांची मुभा असली, तरी तितके बाळगण्याची सक्ती नाही. खरेदीपूर्वी मैदानावर, तेही थोडे दमल्यावर, चेंडू मारून पाहावेत. त्या अवस्थेतही ज्याने चेंडू सरळ जाईल तोच क्लब घ्यावा.