चौघींची गोष्ट

विश्रामबाग हे ठिकाण सांगली आणि मिरज यांच्या मध्ये आहे. तिथे मोठमोठी कॉलेजे आहेत. विलिंग्डन कॉलेज तर १९१९ सालचे. दप्तर घेतलेली पोरे-पोरी रस्त्याने सारखी येत-जात असतात.

समजा, तिथेच जवळपास संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरला आहे. कामधाम आटोपून माणसे आली आहेत. मागच्या रांगेत एक आजी बसली आहे. आजीला आता आपले नाव लिहिता येते. तरी ती बाईंना म्हणते, "बाई, तुमचं समदं खरं. पण आमचा जन्म गेला चुलीपाशी अन् जात्यापाशी. आम्हा अडाण्यांला काय येतंय?"

बाई विचारतात, "आजी, जात्यावर बसल्यावर काय करत होता?"

"काय करणार? दळत हुतो."

"आणि तोंडाने?"

"तोंडानं वव्या म्हणायचो की!"

"किती येतात तुम्हांला?"

आजी हसते. म्हणते, "त्या कुणी मोजल्यात?"

वाचक बंधू-भगिनींनो, जिच्या ओव्या मोजता येत नाहीत, तिला अडाणी म्हणायचे का? याचे उत्तर आपण चौघींच्या गोष्टीतून शोधू. या चौघी नुसत्या गुणी नव्हत्या. आपला गुण त्यांनी चार लोकांच्या कामी लावला.

१. लग्नानंतर अक्षर शिकलेली

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे गाव आहे. तिथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी मुलगी झाली. तिचे नाव सावित्री. १८४० साली तिचे लग्न झाले. तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलीने पाटीला हात लावला तर घराला पाप लागते, असे मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते.

नवरा मिळाला तो जोतीराव फुले. त्यांनी सावित्रीबाईंना घरीच शिकवले. अक्षर आले. वाचन आले. मग शिकवण्याचे शिक्षणही त्यांनी घेतले. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. शाळेला जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत. बाई बरोबर दुसरे लुगडे नेत. शाळेत गेल्यावर लुगडे बदलत आणि शिकवायला उभ्या राहत.

१८५४ साली त्यांचे कवितेचे पुस्तक छापले गेले. त्याचे नाव 'काव्यफुले'. फुलांवर, शेतीवर, शिकण्यावर त्यांनी कविता केल्या. म्हणजे पहा. ज्या मुलीला लग्नात अक्षर ठाऊक नव्हते, तिचे चौदा वर्षांत पुस्तक निघाले. पुढे १८५५ साली या नवराबायकोने शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. आपण आज जसे दिवस मावळल्यावर शिकायला बसतो, तशीच ती शाळा.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई आजाऱ्यांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

२. रस्त्यावर नाटक करणारी

सांगली हे नाटकाचे गाव. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजासमोर 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. पण त्या काळी बाईचे सोंगही पुरुषच घेत. बाईने नाटकात उभे राहायचे नाही, अशी रीत होती.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी याच मुलखात एका बाईने नाटक केले. त्या नाटकाला पडदा नव्हता, तिकीट नव्हते. चुकले असते तर तुरुंग किंवा गोळी.

तिचे नाव हौसाताई पाटील. वाळवे तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक. १९४२ साली 'चले जाव'ची हाक उठली. पुढे नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रजांचा अंमल झुगारून गावोगाव आपले प्रतिसरकार चालवले. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४३ ते १९४६ या काळात हौसाताई या कामात होत्या.

एकदा भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारे न्यायची ठरली. चौकीत पोलीस होते. त्यांना बाहेर कसे काढायचे? तेव्हा चौकीसमोर भांडण मांडले गेले. एका साथीदाराने रागावलेल्या नवऱ्याचे सोंग घेतले. हौसाताई झाल्या बायको. नवरा मारू लागला, बायको ओरडू लागली. पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले. तेवढ्यात बाकीचे साथीदार आत शिरले आणि बंदुका घेऊन पसार झाले. भांडण खोटे होते, पण खरे वाटावे म्हणून मार मात्र खरा बसला होता.

१९४४ साली त्या गुप्त कामगिरीवर गोव्यात गेल्या. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. परतताना त्यांनी रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी ओलांडली. साथीदार बाजूने पोहत होते.

हौसाताई २०२१ साली वारल्या. तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते.

बाई मार खाते आणि ओरडते, हे पोलिसांना नवीन नव्हते. म्हणून तर ते फसले. बाईला दुबळी समजणे हीच त्यांची चूक झाली.

३. कराडला उभी राहिलेली

आता १९७५ साल. त्या वर्षी जून महिन्यात देशात आणीबाणी लागली. पुष्कळ पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. वर्तमानपत्रात काय छापायचे यावर सरकारचा पहारा बसला. लोक मोठ्याने बोलायला भीत होते.

त्याच वर्षी डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. कराड म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे, सातारा जिल्ह्यातले गाव. संमेलनाच्या अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. ते तेव्हा केंद्रात मंत्री होते.

दुर्गाबाई हळू बोलल्या नाहीत. लिहिणाऱ्याला मोकळेपणाने लिहिता आले पाहिजे, हे त्यांनी भर सभेत सांगितले. जयप्रकाश नारायण हे सरकारविरुद्ध उभे राहिलेले पुढारी तेव्हा फार आजारी होते. ते बरे व्हावेत म्हणून दुर्गाबाईंनी सभेला प्रार्थनेसाठी उभे केले. मंत्री समोर असताना हे करायला छाती लागते. पुढच्या वर्षी, १९७६ साली, त्यांना अटक झाली.

या दुर्गाबाईंचा अभ्यास कशाचा होता, ठाऊक आहे? लोकसाहित्याचा. लोकगीते, लोककथा, सणवार, व्रते यांचा. ज्या गोष्टी आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकतो, त्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली.

त्याच साली दूर देशातही बाया उभ्या राहिल्या. आइसलँड हे युरोपच्या वायव्येला समुद्रातले बेट. थंड मुलूख, थोडी वस्ती, मासेमारी हा मोठा धंदा. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या बायांनी एक दिवस काम बंद ठेवले. घरचेही आणि बाहेरचेही. दर शंभरातल्या सुमारे नव्वद बाया यात होत्या. शाळा बंद पडल्या. मासे साफ करणारे कारखाने बंद पडले. बाप लोक मुलांना घेऊन कामावर गेले. बाई किती काम करते, ते एका दिवसात सगळ्या देशाला कळले.

पाच वर्षांनी, १९८० साली, त्या देशाने एका बाईला मते देऊन राष्ट्राध्यक्ष निवडले. तिचे नाव व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर. 'फिनबोगादोत्तिर' म्हणजे फिनबोगीची मुलगी. तिथली रीत अशी, की लग्न झाले तरी बाईचे नाव बदलत नाही. लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेली ती जगातली पहिली बाई. आणि त्याआधी ती काय करत होती? एका नाटक मंडळीची कारभारीण होती! १९९६ पर्यंत, सोळा वर्षे, तिने देशाचे काम पाहिले.

४. ओवीला मान देणारी

चौथी गोष्ट सांगलीची. डॉ. तारा भवाळकर यांचा जन्म १९३९ सालचा. आधी शाळेत आणि मग सांगलीच्या महिला महाविद्यालयात त्यांनी मुलींना मराठी शिकवले. शिकवता शिकवता त्या ओव्या, कहाण्या, उखाणे, खेळ, नाटके यांचा अभ्यास करत राहिल्या. 'लोकसंचित', 'सीतायन' अशी पुस्तके त्यांनी लिहिली.

संचित म्हणजे साठवलेले धन. शेतकरी कणगीत धान्य साठवतो, तसे बायांनी गाण्यांत साठवले. काय साठवले? सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकराचे कौतुक, पावसाची काळजी. आणि विचारही साठवला. रामाने सीतेला वनात पाठवले. पोथी ऐकताना आपण हात जोडतो. पण ओवीतल्या बाया सीतेची बाजू घेतात. तिचा काय गुन्हा, असे विचारतात. हे धाडस त्यांना कोणत्याही शाळेने शिकवले नव्हते. म्हणून ताराबाईंचे सांगणे असे, की अक्षर येत नव्हते म्हणून बाई अडाणी नव्हती. ती विचार करत होती. तो विचार ती गाण्यात बोलत होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला ९८ वे मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्ष ताराबाई होत्या. जात्यावरच्या ओवीचा अभ्यास करणारी बाई देशाच्या राजधानीत मराठीच्या सर्वांत मोठ्या सभेत पहिल्या खुर्चीवर बसली. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. एवढ्या संमेलनांत अध्यक्ष झालेल्या बाया सहाच. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१ साली. वाट अजून लांब आहे.

आता आपली पाळी

तर आजीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का? आजी अडाणी नाही. तिच्याजवळ विद्या आहे, पण ती तोंडात आहे. गावात पिठाची गिरणी आली. जात्याचे कष्ट गेले, हे फार चांगले झाले. पण जात्याबरोबर ओवीही मुकी झाली. सुनेला ती येत नाही, नातीने ती ऐकलेली नाही. आजी गेली की ओव्यांची कणगी रिकामी.

अक्षर आता आपल्या हातात आहे. म्हणून एवढे करा.

एक वही घ्या. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा. ती सांगेल ते लिहा. एका पानावर एकच ओवी लिहा. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख घाला. तिने ती कुणाकडून ऐकली, तेही विचारा. तिचे बोल बदलू नका. ती 'हुतं' म्हणाली तर 'हुतं'च लिहा. ते चुकीचे नाही, ते तिचे आहे. एकदम आठवले नाही तर जात्याचा खुंटा तिच्या हातात द्या. हात फिरला की ओवी आठवते.

पुरुषांनीही हे करावे. आईची ओवी लेकाने लिहिली तर त्यात कमीपणा नाही. जोतीरावांनी बायकोला शिकवले, त्यात कमीपणा झाला का?

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. तेव्हा गावोगाव थोरली माणसे पाटी घेऊन बसली. त्यांच्या अंगठ्याच्या जागी सही आली. सही झाली म्हणजे शिक्षण संपले, असे नाही. सहीने आपण आपले नाव लिहितो. त्यानंतर आपल्या माणसांचे बोल लिहायचे असतात.

आजी, या पुढे. बसा इथे. सांगा पहिली ओवी. आम्ही लिहून घेतो.

प्रश्न

१. सावित्रीबाईंचे माहेर कोणते? त्या लिहायला-वाचायला केव्हा शिकल्या?
२. भवानीनगरच्या चौकीसमोर भांडणाचे सोंग का केले?
३. कराडच्या सभेत दुर्गाबाईंनी काय केले? त्या वेळी ते अवघड का होते?
४. आइसलँडच्या बायांनी एक दिवस काम बंद ठेवले, तेव्हा काय झाले? आपल्या गावात तसे झाले तर काय काय बंद पडेल? वर्गात बोला.
५. तुमच्या घरात ओव्या कुणाला येतात? एक ओवी लिहून आणा आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.