उसने बोधचिन्ह



या खेपेला मी खेळाविषयी लिहिणार आहे, पण खेळाच्या नियमांविषयी नाही. संघाच्या बनियनवर जे चित्र असते त्याला बोधचिन्ह म्हणतात. ते दुसऱ्याचे उचलले तर काय होते, हे मी अमेरिकेतल्या काही खऱ्या उदाहरणांवरून सांगते.

बोधचिन्ह कशाला हवे?

आपल्या घरातल्या भांड्यांवर नाव घातलेले असते. लग्नकार्यात पातेली, परातीं, तांबे गावभर फिरतात. कार्य उरकले की नाव वाचून ज्याचे त्याला परत जाते. उद्या कुणी आपल्या परातीवर शेजाऱ्याचे नाव घालून घेतले तर? मग भांडणच होईल! बोधचिन्हाचेही तसेच आहे. चित्र बघताच "हे अमक्यांचे" असे कळले पाहिजे. असे चिन्ह सरकारी कचेरीत नोंदवता येते. नोंदवलेल्या चिन्हाला ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह म्हणतात.

आयोवाचा ससाणा

अमेरिकेतला फुटबॉल आपल्यासारखा नसतो. चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळतात. धक्काबुक्की फार, म्हणून खेळाडू डोक्यावर हेल्मेट घालतात. हेल्मेटवर संघाचे चिन्ह असते.

आयोवा हे त्या देशातले शेतीचे राज्य. मका आणि सोयाबीन तिथे भरपूर पिकतो. आयोवा विद्यापीठाचा फुटबॉल संघ बरीच वर्षे हरत होता. १९७९ साली हेडन फ्राय हे नवे प्रशिक्षक आले. त्यांनी संघाचा पोशाख बदलला आणि ससाण्याच्या डोक्याचे नवे चिन्ह करवून घेतले. त्याला 'टायगरहॉक' म्हणतात. रंग काळा आणि सोनेरी. १९८१ च्या हंगामात हा संघ आपल्या गटात संयुक्त विजेता ठरला आणि ससाण्याचे चित्र घरोघर पोचले.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढे आहे. १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतले शेतकरी कर्जात बुडाले. कित्येकांच्या जमिनी गेल्या. तेव्हा १९८५ साली फ्राय यांनी खेळाडूंच्या हेल्मेटवर आणखी एक गोल चिकटपट्टी लावली. तिच्यावर तीन अक्षरे होती. त्यांचा अर्थ, "अमेरिकेला शेतकऱ्यांची गरज आहे." सामना बघणाऱ्या लाखो लोकांना ती दिसली. एवढ्याशा चिन्हात किती ताकद असते पाहा!

गरुड की ससाणा?

२००३ साली मिसिसिपी राज्यातल्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठाने गरुडाच्या डोक्याचे नवे चिन्ह काढले. त्यांचेही रंग काळा आणि सोनेरीच. आयोवा विद्यापीठाने हरकत घेतली, की हे आमच्या ससाण्यासारखे दिसते. समोरचे म्हणाले, आमचा गरुड आहे, ससाणा नव्हे. वाद कित्येक वर्षे चालला. शेवटी २०११ साली चिन्हांचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी मंडळाने आयोवाच्या बाजूने निकाल दिला. टोप्या आणि सदरे विकत घेणाऱ्या माणसाचा घोटाळा होऊ शकतो, असे मंडळाचे म्हणणे पडले. पुढे २०१५ साली सदर्न मिसिसिपीने निराळे चिन्ह घेतले.

यातून एक मुद्दा लक्षात ठेवा. चित्र हुबेहूब असायलाच पाहिजे असे नाही. बघणारा फसेल इतके साम्य असले तरी पुरे.

शाळांना आलेली पत्रे

अमेरिकेत कितीतरी माध्यमिक शाळांचे संघ मोठ्या विद्यापीठाचे चिन्ह तसेच्या तसे लावत. कुणाला ते विद्यापीठ आवडायचे, कुणाला चित्रकार परवडत नसे. फ्लोरिडा विद्यापीठाचे चिन्ह मगरीचे आहे. त्याच राज्यातल्या काही शाळांच्या संघांवरही तशीच मगर होती. २०१० च्या सुमारास विद्यापीठाकडून शाळांना पत्रे गेली, की आमचे चिन्ह काढा.

आता शाळेची अडचण बघा. चिन्ह काही एका बनियनवर नसते. हेल्मेट, भिंत, खेळाच्या सभागृहाची जमीन, गुणफलक, सगळीकडे रंगवलेले असते. ते सारे नवे करायचे म्हणजे खर्च केवढा! शिवाय जुने विद्यार्थी हळहळतात ते वेगळेच. ज्या चित्राखाली ते खेळले, जिंकले, रडले, ते पुसायचे म्हणजे जिवावर येणारच.

मग एवढे मोठे विद्यापीठ छोट्या शाळेच्या मागे का लागते? मला आधी हा दुष्टपणाच वाटला. पण त्याला कारणे आहेत. विद्यापीठे चिन्हाचे सदरे-टोप्या विकायची परवानगी कारखान्यांना देतात आणि त्याचे पैसे घेतात. दुसरे असे, की चिन्हाची राखण मालकालाच करावी लागते. कुणीही वापरा, आमची ना नाही, असे चालू दिले तर चिन्हाची वेगळी ओळख उरत नाही आणि कायद्यातला हक्क कमजोर होतो. शेताचा बांध वर्षानुवर्षे बघितला नाही तर काय होते, हे पालकांना सांगायला नको.

मात्र काही विद्यापीठे समजुतीने घेतात. कपडे जुने होईपर्यंत मुदत देतात, किंवा लेखी करार करून नाममात्र पैशांत परवानगी देतात. मला हीच रीत बरी वाटते.

आधी विचारले, म्हणून निभावले

ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकेतला व्यावसायिक संघ. त्यांनी १९६१ पासून हेल्मेटवर 'जी' हे इंग्रजी अक्षर लावले. १९६४ साली जॉर्जिया विद्यापीठाचे नवे प्रशिक्षक व्हिन्स डूली यांनाही 'जी' हवे होते. त्यांच्या सहायकाच्या पत्नी ॲन डोनाल्डसन यांनी लाल हेल्मेटसाठी काळे 'जी' काढले. ते पॅकर्सच्या अक्षरासारखे दिसत होते. तेव्हा विद्यापीठाने पॅकर्सकडे विचारणा केली आणि परवानगी घेतली. आज इतक्या वर्षांनंतरही दोन्ही संघ आपापले 'जी' लावतात. विचारायला किती वेळ लागला असेल? पण केवढा तंटा टळला!

आपल्या देशात

भारतात यासाठी १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईलाच आहे. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे ती वाढवून घेता येते. वस्तूवर वर्तुळात 'आर' हे इंग्रजी अक्षर दिसले, तर ते चिन्ह नोंदवलेले आहे असे समजावे.

आपल्या संघाचे काय?

आपल्या कबड्डी आणि खो-खो संघांना अजून बोधचिन्ह नाही. वर्गात मुले म्हणतात, मोबाइलवरून एखादा वाघ काढू आणि बनियनवर छापून घेऊ. मला ते पटत नाही. तो वाघ कुणाचा तरी असणार. आणि समजा कुणी विचारले नाही, तरी तालुक्याच्या मैदानावर तो वाघ बघून "ही अमक्या शाळेची पोरं" असे कोण ओळखणार?

आपल्या वर्गात चांगली चित्रे काढणारी मुले आहेत. शाळेपुढचे झाड, गावची टेकडी, विहिरीवरचा सुगरणीचा खोपा, काय वाटेल ते काढा. वेडेवाकडे आले तरी चालेल, ते आपले असेल. ज्याचे चित्र निवडले जाईल त्याचे नाव शाळेच्या वहीत लिहून ठेवावे, अशी माझी गुरुजींना विनंती आहे. चित्र काढणारा विसरला जाऊ नये.

शब्दार्थ
बोधचिन्ह – ओळखीचे चित्र वा अक्षर
व्यापारचिन्ह – सरकारकडे नोंदवलेली मालाची वा संस्थेची खूण
नाममात्र – नावापुरते, अगदी थोडे
हरकत – आक्षेप

उत्तरे सांगा पाहू
१. सदर्न मिसिसिपीचा गरुड होता, तरी निकाल आयोवाच्या बाजूने का लागला?
२. जॉर्जिया विद्यापीठाने कोणती चांगली गोष्ट केली?
३. शाळेकडे पैसे नसतील तर विद्यापीठाने काय करावे? घरी आईवडिलांशी बोलून चार ओळी लिहा.
४. आपल्या संघासाठी एक चिन्ह काढा आणि ते का निवडले ते खाली लिहा.

– इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी