केटलीतला डोंगर

वाचण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि केटलीचं झाकण उघडून आत बघा (केटल गार असताना!). तुम्ही वॉटफर्ड, हेमेल हेम्पस्टेड किंवा त्याच्या आसपास राहत असाल, तर तळाशी पांढरा, खरखरीत थर दिसेल. आई-बाबा अधूनमधून व्हिनेगर घालून तो काढतात आणि म्हणतात, "इथलं पाणी फार जड आहे." जड म्हणजे वजनाने जड नाही. ज्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्याला जड पाणी म्हणतात.

तो थर म्हणजे एका डोंगराचा अगदी छोटासा तुकडा आहे. आजचा पाठ त्या डोंगराचा. दुबई किंवा न्यू जर्सीच्या मुलांनी नकाशा उघडून ठेवा. लंडनच्या वायव्येला टेम्स नदीवरच्या गोरिंग गावापासून हिचिन शहराकडे जाणारी एक हिरवी पट्टी दिसेल. तेच चिल्टर्न्स.

खरं तर "डोंगर" म्हणायलाही जरा संकोच वाटतो. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. चिल्टर्न्समधली सगळ्यात उंच जागा, वेंडोव्हर गावाजवळची हॅडिंग्टन हिल, फक्त २६७ मीटर! म्हणून या भागाला टेकड्या म्हणणं बरं. पण या टेकड्या ज्या खडकाच्या आहेत, तो खडक मोठा गमतीचा आहे. तो आहे खडू. (वर्गात फळ्यावर लिहितो तो खडू आता बहुतेक वेळा जिप्समचा असतो. हा अस्सल खडू.)

साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यात डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, एका पेशीचे जीव तरंगायचे. त्यांच्या अंगावर चुन्याच्या चिमुकल्या चकत्या असायच्या. जीव मेला की चकत्या तळाशी जायच्या. हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर थर साचायचा. असं कोट्यवधी वर्षं चाललं. पुढे जमीन वर उचलली गेली, थोडी कलली, आणि या टेकड्या तयार झाल्या. म्हणून त्यांची वायव्येकडची बाजू एकदम उभी आहे आणि लंडनकडची बाजू हळूहळू उतरत जाते. गाडीने ऑक्सफर्डला जाताना स्टोकनचर्च गावापुढे एम-४० रस्ता टेकडी कापून खाली उतरतो. तिथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती दिसतात. तो समुद्राचा तळ.

इंग्लंडमध्ये खडूचे शेवटचे थर साचले, त्या सुमारालाच आपल्याकडे जमिनीतून लाव्हा वर येत होता आणि थरावर थर चढून दख्खनचा काळा कातळ तयार होत होता. कातळ म्हणजे सलग, कठीण खडक. हे दोन खडक पाण्याशी अगदी उलट वागतात.

सुट्टीत शिवनेरीला गेला असाल, तर गंगा-जमुना नावाची टाकी पाहिली असेल. इथे टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी त्यात साठतं आणि कातळ ते सहसा गळू देत नाही. म्हणून एवढ्या उंचावर, किल्ल्यावर, माणसं राहू शकली. असं टाकं चिल्टर्न्सच्या खडूत खोदलं तर काय होईल? पाणी झिरपून जाईल. झिरपणं म्हणजे थेंब थेंब आत मुरत जाणं. खडूत बारीक छिद्रं असतात आणि भेगाही असतात. छिद्रं पाणी धरून ठेवतात, भेगा ते पुढे नेतात. त्यामुळे पाऊस पडूनही टेकडीचा माथा कोरडाच राहतो.

हे किती कठीण होतं, ते स्टोक रो या गावाला विचारा. टेकडीवरच्या या गावात पूर्वी लोक चिकणमातीच्या डबक्यांत साठलेलं पावसाचं पाणी वापरायचे. उन्हाळ्यात तेही आटायचं. त्या भागातले रीड नावाचे एक इंग्रज अधिकारी तेव्हा हिंदुस्थानात नोकरीला होते. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका मुलाला आईने मारलं, ही आपल्या गावाकडची गोष्ट त्यांनी काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली, असं म्हणतात. रीड यांनी तिकडे विहिरीच्या कामाला मदत केली होती, हेही महाराजांच्या लक्षात होतं. त्यांनी स्टोक रोसाठी विहिरीचे पैसे दिले. काम १८६३ साली सुरू झालं, १८६४ साली विहीर खुली झाली. खोली ३६८ फूट! रुंदी जेमतेम चार फूट, आणि सगळी हाताने खणलेली. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल घुमटावरच्या क्रॉसपर्यंत ३६५ फूट उंच आहे. ते उलटं करून या विहिरीत सोडलं (मावलं असतं तर), तरी तीन फूट उरले असते.

विहीर अजून तिथे आहे. वर घुमट, आत पाणी ओढायचं चाक आणि त्यावर सोनेरी हत्ती. इंग्लंडच्या खेड्यात काशीच्या राजाची विहीर! मला तरी हे राजवाड्यांपेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं.

मग माथ्यावर मुरलेलं पाणी जातं कुठे? भेगांमधून जातं ते लवकर खाली पोचतं. पण छिद्राछिद्रांतून उतरणारं पाणी वर्षाला साधारण एक मीटर खाली जातं. म्हणजे तुमच्या जन्माच्या वर्षी पडलेला पाऊस अजून तुमच्या वयाइतक्याच मीटर खोलीवर असेल! शेवटी ते सगळं खाली साठतं आणि टेकडीच्या पायथ्याशी किंवा दरीत झरे होऊन बाहेर येतं. त्या झऱ्यांच्या नद्या होतात. लंडनहून मेट्रोपॉलिटन लाइनने चेशमला उतरलात की अशी एक नदी भेटते, चेस. पाणी आरशासारखं स्वच्छ. जमिनीतून येतं म्हणून झऱ्यापाशी ते हिवाळा-उन्हाळा साधारण दहा-अकरा अंशांवरच असतं. त्यात ट्राउट मासे राहतात, काठाला पाणउंदीर बिळं करतात. खडूच्या अशा नद्या सगळ्या जगात दोनशे-अडीचशेच असतील, आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये आहेत.

आता पुन्हा केटलीकडे या. नदीला मिळणारं हेच पाणी आपण पंपाने उपसतो आणि नळातून पितो. इंग्लंडमध्ये एक माणूस दिवसाला साधारण १४० लिटर पाणी वापरतो. उपसा वाढला की जमिनीतली पाण्याची पातळी खाली जाते, झरे आटतात आणि नदीचा वरचा भाग कोरडा पडतो. उन्हाळ्यात थोडा भाग कोरडा पडणं हा या नद्यांचा स्वभावच आहे, पण मैलच्या मैल कोरडे पडणं हा नाही. २०२० साली चेसच्या वरच्या भागातला काही उपसा बंद केला गेला. तिथल्या लोकांनी त्यासाठी बरीच वर्षं आवाज उठवला होता.

शेतात टाकलेल्या खतांचंही असंच आहे. ती पावसाबरोबर खडूत उतरतात आणि कित्येक वर्षांनी विहिरीत पोचतात. आजोबांच्या काळातलं खत नातवाच्या पेल्यात येतं, असंच म्हणा ना! म्हणून आज चूक सुधारली तरी फरक लगेच दिसत नाही.

चिल्टर्न्सला १९६५ सालापासून कायद्याचं संरक्षण आहे. ८३३ चौरस किलोमीटरच्या या भागात मनाला येईल तिथे इमारती बांधता येत नाहीत. पण तो नियम टेकडीचं रूप सांभाळतो. तिच्या पोटातलं पाणी सांभाळायला तेवढा पुरत नाही, असं मला वाटतं.

संरक्षण म्हणजे हात न लावणं, असं तुम्हाला वाटत असेल, तर इथल्या गवताकडे बघा. खडूवर माती पातळ आणि निकस असते. निकस म्हणजे कस नसलेली. त्यामुळे एकच झाड माजत नाही, एका चौरस मीटरमध्ये तीस-चाळीस प्रकारची रोपं सुखाने राहतात. पण हे कुरण मेंढ्यांनी आणि सशांनी राखलेलं आहे. मेंढ्या कमी झाल्या. १९५३ साली सशांमध्ये रोग आला आणि ससे मोठ्या संख्येने मेले. लगेच काटेरी झुडपं वाढली आणि फुलं दिसेनाशी झाली. आता काही उतारांवर मुद्दाम मेंढ्या सोडतात, आणि हिवाळ्यात लोक कोयते-करवती घेऊन झुडपं तोडायला जातात. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, हे निसर्ग वाचवतायत की तोडतायत?

तिथे फिरायला गेलात तर वरही बघा. दुभंगलेल्या शेपटीची तांबूस घार दिसेल. ती इंग्लंडमधून नाहीशी झाली होती. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पिल्लं आणून ती इथे पुन्हा वसवली. आता इतक्या झाल्यात की बागेतल्या जेवणावर लक्ष ठेवावं लागतं.

वाचा आणि बोला

शिवनेरीच्या टाक्यात पाणी राहतं, पण चिल्टर्न्सच्या माथ्यावर राहत नाही. असं का? घरी मराठीत समजावून सांगा. मग आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या गावात पाणी कुठून यायचं, विहीर किती खोल होती, आणि उन्हाळ्यात तिचं काय व्हायचं? त्यांची उत्तरं पाच-सहा वाक्यांत लिहून आणा. केटलीतला थर खरवडून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि काय दिसलं, तेही लिहा.