नाल्यात जिवाणू ओतले तर गोदावरी स्वच्छ होईल का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडची जिवाणूंची पावडर नाल्यात टाकली की पाणी आपोआप स्वच्छ होतं म्हणे. तसं असेल तर महापालिका पंचक-चेहेडीच्या मलजल शुद्धीकरण केंद्रांवर एवढा खर्च का करते?
– एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : ती केंद्रंही जिवाणूंवरच चालतात, आणि ते विकत आणावे लागत नाहीत. मैलापाण्यासोबत फुकट येतात. तुमच्या नाल्यातही ते भरपूर आहेत. घोडं अडतं ते प्राणवायूपाशी. आपल्या हवामानात एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. घरगुती सांडपाण्यातली घाण फस्त करायला मात्र जिवाणूंना लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. याच गरजेला बीओडी म्हणतात. नाल्यातला साठा बघता बघता संपतो, प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य येतं आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पावडरीतून नवे जिवाणू येतील, प्राणवायू कुठून येणार? शिवाय पहिल्याच जोरदार पावसात ते वाहून जातील.

१९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी नेमकं हेच कोडं सोडवलं. तळाशी बसलेला गाळ, म्हणजे जिवाणूंची वस्तीच, त्यांनी फेकली नाही. ती टाकीतच ठेवून नवं सांडपाणी घातलं आणि हवा फुंकत राहिले. आठवड्यांचं काम तासांवर आलं. खर्च होतो तो टाक्यांवर आणि या हवेच्या विजेवर.

मग ही केंद्रं असूनही दसक-पंचकला गोदावरीत एवढी पाणवेल कशी? नाशिकची जुनी केंद्रं बीओडी ३० पर्यंत उतरवण्याच्या बेतानं बांधलेली. आता निकष १० चा आहे. त्यातही बीओडी उतरला तरी नत्र आणि स्फुरद पाण्यात बरंच उरतं, आणि पाणवेलीला ते आयतं खत.

धातूंपुढे जिवाणूंचं फारसं चालत नाही. प्लेटिंग करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातला विषारी क्रोमियम काही जिवाणू कमी विषारी रूपात आणतात, पण तो नाहीसा होत नाही, गाळात बसतो.

तेलाचं तसं नाही. तेल त्यांचं खाद्यच आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली, तेव्हा किनाऱ्यावरच्या तेलासाठी ‘टेरी’ संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण वापरलं गेलं. मात्र तेलकट मातीवर असं मिश्रण पसरून घरी जाता येत नाही. ओलावा टिकवावा लागतो, नत्र-स्फुरद द्यावं लागतं, माती खालीवर करावी लागते, आणि तरी महिने जातात.

विक्रेता पुन्हा आला तर पावडर टाकण्याआधीचा आणि नंतरचा बीओडीचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. वाहत्या नाल्याचा हवा, बाटलीतल्या पाण्याचा नको.